साहेब, नववी ते बारावीसाठी आठवड्याचा एक तास द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नववी ते बारावीच्या मुलांना कॉलेजच्या तयारीसाठी वेळापत्रकात एक तास आणि एक जबाबदार शिक्षक मिळण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये गणित आणि विज्ञान शिकवते. नोकरीला अठरा वर्षं झाली. आमची शाळा दहावीपर्यंत. निकाल लागला, पेढे वाटले, शाळा सोडल्याचे दाखले दिले की आमचा आणि पोरांचा कागदोपत्री संबंध संपतो. पण पोरं भेटत राहतात. वडापच्या जीपमधून गावात उतरली की रस्त्यात थांबून बोलतात, दिवाळीला घरी येतात. ती जे सांगतात ते ऐकून हे पत्र लिहायला बसले आहे.

गेल्या दिवाळीत एक मुलगी आली होती. दहावीला ९१ टक्के, विज्ञानात वर्गात पहिली. आता कोल्हापुरात अकरावी सायन्सला. फराळाची ताटली हातात घेऊन नुसती बसली होती. म्हणाली, "बाई, फिजिक्स कळंनाच झालंय. सायन्स सोडू काय?" मी तिला वही घेऊन यायला सांगितलं. वहीत फळ्यावरचं सगळं नीटनेटकं उतरवलेलं, अक्षर मोत्यासारखं. एका पानावर 'मोमेंटम' या शब्दाखाली तीन रेघा ओढलेल्या आणि शेजारी प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "अगं, हा तर संवेग. नववीच्या पहिल्याच धड्यातला. वस्तुमान गुणिले वेग." ती बघतच राहिली. "संवेग व्हय? तसं कुणी सांगितलंच न्हाई की ओ."

मग दिवे लागेपर्यंत आम्ही तेच केलं. ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन, इनर्शिया म्हणजे जडत्व, रिफ्रॅक्शन म्हणजे अपवर्तन. निम्म्याहून जास्त गोष्टी तिला येत होत्या, नावं बदलल्यामुळं ओळखू येत नव्हत्या. हुशार मुलगी इतके दिवस स्वतःला मठ्ठ समजत होती. तिनं सायन्स सोडलं नाही. तिच्याच वर्गातल्या दोघींनी सोडलं होतं. त्या माझ्याकडं आल्याच नाहीत.

मराठीतून शिकणं हा दोष आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. संवेग तिला समजला होता तो मराठीतून शिकल्यामुळंच. पण नववीत तो शिकवताना शेजारी इंग्रजी शब्द लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि मी तो लिहिला नव्हता. ही चूक माझीही आहे. दहावीनंतर पोरांना कुठल्या भाषेतल्या वर्गात जाऊन बसायचं आहे, याचा विचार करणं कधी माझ्या कामात धरलंच गेलं नव्हतं. आता मी फळ्याच्या उजव्या बाजूला रोज दोन रकाने आखते. मराठी-इंग्रजी जोडशब्दांची अशी यादी नववी-दहावीच्या विज्ञान आणि गणिताच्या प्रत्येक धड्याखाली छापली, तर राज्यातल्या प्रत्येक मराठी शाळेला ती मिळेल.

साहेब, कागदावर ही चार वर्षं एकच आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या ५+३+३+४ या आराखड्यातला शेवटचा चारचा टप्पा म्हणजे नववी ते बारावी. आठवीत एनएमएमएस या, गरीब घरातल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवडलेल्या मुलाला मिळणारी वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्तीसुद्धा नववी ते बारावी अशी चार वर्षं चालते. प्रत्यक्षात मात्र दहावीला दोरी तुटते. दहावीपर्यंतच्या शिक्षकाला अकरावीत काय होतं ते दिसत नाही, आणि अकरावीच्या शिक्षकाला समोरचं मूल कुठून आलंय हे ठाऊक नसतं.

दोरी तुटते तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. वशिला कमी झाला, गुणांवर प्रवेश मिळू लागला, त्याचं मी स्वागतच करते. पण गावात तो अर्ज भरला गेला तो ई-सेवा केंद्रात, पावसात, रेंज येईल तशी. एका मुलाच्या वडिलांनी केंद्रातल्या पोराला विचारलं, "चांगलं कॉलेज कुठलं रं?" त्यानं कानावरून गेलेलं एक नाव पहिल्या नंबरला टाकलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव जातं, हे त्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं. मिळालं तेच. आता तो मुलगा पहाटे पावणेसहाच्या एसटीनं निघतो आणि दिवेलागणीला परत येतो. गावापासून बारा किलोमीटरवर चांगलं कनिष्ठ महाविद्यालय आहे. यादीत ते सातव्या नंबरला होतं.

त्याच प्रवेशाच्या वेळी विषयही ठरतात. जीवशास्त्र सोपं वाटतं म्हणून गणित सोडणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांच्यासाठी इंजिनिअरिंगचं दार बहुतेक तिथंच लागतं आणि ते त्यांना बारावीनंतर कळतं. दुसरा समज अकरावीबद्दलचा : ते आरामाचं वर्ष. एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला, भौतिकशास्त्राच्या ५० प्रश्नांतले १० अकरावीचे असतात, रसायन आणि गणितातही तसंच. मेडिकलच्या नीटला आणि आयआयटीसाठीच्या जेईईला तर अकरावी-बारावी दोन्हींचा पूर्ण अभ्यासक्रम आहे. शहरातली मुलं आठवीपासून या परीक्षांच्या तयारीच्या फौंडेशन बॅचला बसतात, आमच्याकडं सीईटीचा अर्ज कधी निघतो हेसुद्धा बारावीच्या जानेवारीत विचारलं जातं. फौंडेशन बॅच गावोगावी काढा असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या मागं प्रवेश परीक्षा लावून देणं मला पटत नाही. पण पुढं रस्ता कुठं वळतो, एवढं तरी त्याला आधी दिसायला हवं.

आता कागदपत्रांचं. याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, कारण इथं अभ्यास करूनही मूल हरतं.

चार वर्षांपूर्वीचा माझा एक विद्यार्थी, इतर मागास प्रवर्गातला. सीईटीत चांगले गुण, इंजिनिअरिंगची जागा मिळालेली, फक्त जात वैधता प्रमाणपत्र नाही. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा चौथीपर्यंत शाळेत गेलेले, पण रजिस्टरात आडनाव वेगळं लागलेलं आणि जातीच्या रकान्यातली शाई उडालेली. पणजोबांची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत सापडली, ती मोडी लिपीत. मोडी वाचून लिहून देणारा माणूस मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. मग पडताळणी समितीकडं प्रकरण, त्रुटी, पुन्हा हेलपाटा. तोवर मुदत संपली, राखीव जागा गेली आणि खुल्या प्रवर्गाची फी घरच्यांना झेपेना. ते पोरगं वर्षभर बापाबरोबर उसाला पाणी पाजत होतं. बारावीच्या मे महिन्यात जी शोधाशोध झाली ती नववीच्या दिवाळीत सुरू झाली असती, तर हातात साडेतीन वर्षं होती.

त्यानंतर मी नववीच्या मुलांना दिवाळीचा गृहपाठ म्हणून एक काम देते : आजोबांचा शाळेचा दाखला शोधून आणा. पोरं ट्रंका उचकटतात, प्राथमिक शाळेत जाऊन गुरुजींकडून जुनी रजिस्टरं बघून घेतात. मागच्या वर्षी एका मुलीनं आजोबांच्या नोंदीचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला आणि सगळ्या वर्गाला दाखवला. आजोबांनी तिसरीतून शाळा सोडली होती, कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेलं होतं. ती मुलगी आता दहावीत आहे आणि तिची फाईल तयार आहे. जातीचे दाखले महसूल खात्याकडं, पडताळणी सामाजिक न्यायकडं, हे मला ठाऊक आहे. पण मूल आपल्या खात्याच्या शाळेत बसलेलं आहे. वर्षातून एकदा तलाठी, सेतूचे कर्मचारी आणि मोडी जाणणारा एक माणूस नववीच्या वर्गात आणून बसवणं आपल्याला अशक्य नाही.

योजनांचंही असंच होतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय शासनानं ८ जुलै २०२४ ला काढला. फार मोठा निर्णय. त्यासाठी प्रवेश शासनाच्या एकत्रित, म्हणजे केंद्रीभूत फेरीतून व्हावा लागतो. आमच्या पालकसभेत मी हे सांगितलं तेव्हा एक आई उठून म्हणाली, "बाई, हे अगुदर कळलं असतं तर थोरलीचं लगीन केलं नसतं." सभेत कुणीच काही बोललं नाही. मुलीला पुढं शिकवायचं की नाही हे घरात ठरतं ते नववी-दहावीत, बारावीच्या निकालानंतर नव्हे.

आणि सगळ्यांनी डॉक्टर-इंजिनिअरच व्हावं असंही नाही. आमच्या बऱ्याच पोरांचे बाप, काका शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. ओतकाम, साचा, वितळलेल्या लोखंडाचा रंग यावर ती घरात बोलतात. धातुशास्त्र नावाचा विषय असतो आणि तो शिकता येतो, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, कोल्हापुरातच शासकीय कृषी महाविद्यालय आहे, इचलकरंजीला वस्त्रोद्योगाचं इंजिनिअरिंग आहे, बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ आहे. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, पुढं करिअरची माहिती देणारं महाकरिअर पोर्टलही आलं. दोन्ही चांगलीच. पण चाचणीचा अहवाल मुलाशेजारी बसून वाचणारा माणूस शाळेत नेमलेला नव्हता.

मुलाला अडतं ते जवळून बघणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासूनच त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात येतो तेव्हा त्याला रात्री पाठ टेकायला जागा नसते, हे त्यांनी पाहिलं होतं. दसरा चौकातून जाताना त्या इमारती दिसल्या की माझ्या मनात येतं, आजच्या मुलाला नेमकं काय अडतंय हे तितक्याच जवळून बघायला हवं. त्याला अडतं ते विचारायला माणूस नसल्यामुळं.

तो माणूस आम्ही शिक्षक होऊ शकतो. नववी ते बारावीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास या कामासाठी राखून ठेवा आणि प्रत्येक शाळेत त्याची जबाबदारी एका शिक्षकावर सोपवा. मात्र तो तास कार्यभारात धरा. निवडणूक, सर्वेक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती यांच्यावर आणखी एक ओझं म्हणून टाकलात, तर तो फक्त कागदावर राहील. अकरावीचा अर्ज मूल ज्या शाळेतून दहावी झालं त्याच शाळेत, त्याला ओळखणाऱ्या शिक्षकासमोर भरला जाऊ दे. आणि वर्षातून एक दिवस, पहिल्या चाचणीनंतर, तालुक्यातले दहावीपर्यंतचे आणि कनिष्ठ महाविद्यालयातले शिक्षक समोरासमोर बसू देत. आमची कुठली पोरं अडखळतायत, कुठल्या धड्यात, हे त्यांनी आम्हाला सांगावं. यासाठी नवी इमारत लागत नाही.

आमच्याकडं शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर मी दुपारी एकपर्यंत वर्गात थांबते, ज्याला काही विचारायचं असेल तो येतो. आता अकरावी-बारावीची पोरंही येऊन बसतात. ती दिवाळीतली मुलगी नववीच्या पोरींना जोडशब्द लिहून देते. आपला कोल्हापूरचा दौरा असेल तेव्हा एखादा शनिवार आमच्यासाठी ठेवा. मुलांच्या फायली आणि ती वही, दोन्ही आपल्यासमोर ठेवीन.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका,
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर