तुझ्या ओंकारला मेडिकलला घालावं का, विचारलंस ते

खानापूर (जि. बेळगाव),
18 जुलै 2025

प्रिय सुभाष,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी ‘सावकाश बोलू रे’ म्हणून टाळलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्यात लाइट गेलेली. आज रविवारसारखा पाऊस लागलाय, कुणी फिरकत नाही, म्हणून वही घेऊन बसलोय.

सरकारी आरोग्य योजनांमुळे डॉक्टरकीत आता राम उरला नाही, हे खरं का, असा तुझा प्रश्न. मी काही डॉक्टर नाही. पण औषधाच्या काउंटरमागे उभं राहून तीस वर्षं डॉक्टरांचीच नाडी बघतोय, आणि आता मृणाल घरातच डॉक्टर झालीय.

आपले डॉक्टरकाका आठवतात ना? लाल औषधाची बाटली, तिला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदाची पट्टी. त्यांच्या मुलानं पुढं वरच्या मजल्यावर बारा खाटांचं नर्सिंग होम काढलं. गेल्या महिन्यात बिलाचे पैसे मागायला वर गेलो, तर ऑपरेशनच्या टेबलावर सलाईनची खोकी रचलेली आणि वरचा मोठा दिवा जुन्या चादरीत गुंडाळलेला. मी नुसतं बघत राहिलो. त्यानंच चिठ्ठीचा कागद फाडला आणि हर्नियाच्या एका ऑपरेशनचा हिशेब मांडला. भूलतज्ज्ञ बेळगावहून येणार, त्यांची फी आणि गाडी. जाळी, टाके, औषधं (ती माझ्याकडचीच), दोन नर्सा, दोन दिवसांची खाट. खाली रेघ ओढली, उरलेल्या आकड्याला गोल केला आणि म्हणाला, ‘काका, एवढ्यात जनरेटरचं डिझेलपण येत नाही. आणि हा पेशंटसुद्धा आता माझ्याकडं येत नाही.’

पेशंटनं यावं तरी कशाला? 2018 पासून आपल्याकडं ‘आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक’ आहे. बीपीएल कार्डवाल्या घराला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज. आधी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथं होण्यासारखं नसलं की रेफर चिठ्ठी घेऊन योजनेतलं खासगी हॉस्पिटल गाठायचं. तातडीचं असेल तर चिठ्ठीही लागत नाही. एकेका ऑपरेशनचा दर ठरलेला. रोज पंधरा-वीस ऑपरेशनं उरकणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलाला तो दर परवडतो, त्यांचा भूलतज्ज्ञ पगारी, जाळ्या घाऊक भावानं. महिन्याला चार करणाऱ्याची मात्र दिवाळखोरी. योजनेला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही बघ. आमच्या मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ह्याच कार्डावर झालं, नाहीतर भाताचं शेत विकायला निघालं होतं. माझ्या धंद्याला झळ लागली, ती सोसली.

म्हणजे पैसा गेला नाही, त्यानं घर बदललं. मोठ्या हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टाचं बरं चाललंय. नवी पोरं त्यांच्याकडं पगारावर राहतात. आणि ताप, खोकला, शुगर बघणारा गल्लीतला डॉक्टर? योजना खाट धरल्यावर सुरू होते, त्याच्या वाट्याला त्यातला छदामही नाही. मृणाल सांगत होती, अमेरिकेत 2010 चा आरोग्य विम्याचा कायदा झाला तेव्हा मेडिकेड ह्या गरिबांच्या सरकारी विम्यात साध्या डॉक्टरांची फी 2013 आणि 2014 अशी दोन वर्षं म्हाताऱ्यांच्या मेडिकेअर विम्याइतकी वाढवून दिली. कार्डं वाढली तर ती बघायला डॉक्टर नकोत का, एवढाच विचार. नंतर तिथंही ते केंद्राचं पैसे देणं थांबलंच म्हणा.

2017 चा नोव्हेंबर आठव. बेळगावात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन आणि बाहेर खासगी डॉक्टरांचं आंदोलन. खासगी दवाखान्यांचे दर सरकार ठरवणार, चुकलं तर तुरुंग, असं तेव्हाच्या एका विधेयकात होतं. राज्यभर ओपीडी बंद पडल्या. शेवटी दर ठरवण्याची गोष्ट सरकारी योजनांपुरतीच राहिली. मी तेव्हा डॉक्टरांवर जाम उखडलो होतो. आता वाटतं, आठवडाभर सगळे दरावरच भांडले. आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीच्या पावसात रात्री राहणार कोण, हे एकानंही विचारलं नाही.

सध्या आमची मृणाल राहते. सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष चाललंय तिचं, जंगलपट्ट्यातल्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. डोंगरी भागात 20 हजार माणसांमागं एक पीएचसी असा नियम. पेशंट मराठीत सांगणार, ‘बाई, पोटात कळा मारालेत’, रजिस्टर कन्नडमध्ये भरायचं. रात्री लाइट गेली की ही बॅटरी लावून पीजीच्या, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या, परीक्षेचे प्रश्न सोडवत बसते. देशात 2014 ला एमबीबीएसच्या जागा 51 हजारांच्या आसपास होत्या, आता लाखाच्या वर गेल्यात. पण नुसत्या एमबीबीएसला हल्ली लग्नाच्या बाजारातही कोण विचारत नाही, दवाखान्याचं सोड! ऑगस्टच्या शेवटी तीपण सुटेल. मला थांब म्हणवत नाही.

तू चेष्टेनं म्हणालास, आमच्या महाराष्ट्र सरकारनं तुमच्या सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना दिलीय की. दिली, त्यावरून दोन सरकारांची जुंपलीही. इथल्या म्हाताऱ्या विचारतात, कार्ड दोन्हीकडचं घेऊ रे, पण सुई कोण टोचणार?

ओंकारचं म्हणशील तर सरकारी सीट मिळाली तर डोळे झाकून घाल. घर गहाण टाकून खासगी कॉलेजात घालणार असशील तर मात्र थांब. कर्ज डोक्यावर असलेला पोरगा पुण्या-बंगळूरला जाईल, हप्ता भरेल. तालुक्याच्या गावी दवाखाना टाकायचं त्याच्या मनात आलं तरी बँक येऊ देणार नाही.

त्याआधी एक कर. मृणाल तिथं आहे तोवर त्याला आठ दिवस पाठव. सकाळची ओपीडी बघू दे, एखादी रात्र जागू दे. गमबूट असू देत, जळवा फार झाल्यात. आणि त्याच्याबरोबर दोन किलो आजरा घनसाळ पाठव. खानापूरकर बाहेरून तांदूळ मागवतो म्हणून हसशील, हस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत