विषय : निष्कर्षाविना संपलेली डोब्युटामाईन स्ट्रेस इको तपासणी आणि आपल्या मदत कक्षाचे वर्तन

प्रति,
व्यवस्थापक, रुग्णसेवा विभाग,
नागपूर

आपल्या मदत कक्षाला केलेला सहावा फोन आत्ताच ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतले.

माझ्या आईचे वय 72 वर्षे आहे. गुडघ्यांमुळे तिला ट्रेडमिलवर चालणे शक्य नाही, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी औषधाने हृदयाचे ठोके वाढवून सोनोग्राफीने हृदय पाहण्याची ही तपासणी लिहून दिली. आदल्या संध्याकाळी मी आपल्याकडे फोन करून नेमके विचारले होते की, आई रोज सकाळी मेटोप्रोलॉल ही हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी घेते, ती उद्या द्यायची की नाही. अशी गोळी मनाने बंद करू नये हे मला ठाऊक होते, म्हणूनच विचारले. उत्तर मिळाले, "सगळ्या गोळ्या नेहमीसारख्या द्या, फक्त चार तास उपाशी आणा."

डोब्युटामाईनने नाडी वाढवायची आणि मेटोप्रोलॉलने ती धरून ठेवायची, हे आपल्याला मी शिकवावे असे नाही. बहुधा एक-दोन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, ही गोळी थांबवतात, हेही आपण जाणता. 220 मधून वय वजा करून त्याच्या 85 टक्के, म्हणजे आईच्या बाबतीत मिनिटाला सुमारे 126 ठोके व्हायला हवे होते. दर तीन मिनिटांनी औषध वाढवत 5 वरून 40 मायक्रोग्रॅमपर्यंत नेले, तरी पडद्यावरचा आकडा 94 च्या पुढे सरकेना. मग ठोके वाढवणारे दुसरे औषध, अट्रोपिन, दिले, तेव्हा कसाबसा 108 झाला. डाव्या कुशीवर निजवलेली आई म्हणत होती, "छाती काहून अशी उडून राह्यली वो?" त्यावर आपल्या तंत्रज्ञाचे उत्तर होते, "हलू नका, फोटो बिघडतो." छाती धडधडेल, हातपाय थरथरतील, डोके दुखेल, पण औषध थांबवल्यावर काही मिनिटांत हे उतरेल, एवढे तिला आधी कोणी सांगितले असते तर ती माझे मनगट इतके घट्ट धरून बसली नसती. तिला सांगण्यात आले होते की ही "साधी सोनोग्राफीच" आहे. अट्रोपिन देण्यापूर्वी काचबिंदू आहे का, हेही कोणी विचारले नाही. सुदैवाने तो नाही. तोंड मात्र कोरडे पडले आणि संध्याकाळी तिला हरिपाठाची अक्षरे पुसट दिसत होती.

अहवालात लिहून आले : अपेक्षित हृदयगती न गाठल्याने निष्कर्ष काढता येत नाही.

आता आजचा फोन. मी म्हटले, गोळी द्या असे आपणच सांगितले होते, तेव्हा तपासणी पुन्हा विनाशुल्क करा. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, टेस्ट तर झाली ना? मशीन वापरली, औषध वापरले." मी म्हटले, निष्कर्षच नाही. ते म्हणाले, "निष्कर्ष पेशंटच्या हार्टवर असतो, आमच्यावर नाही." मी गोळीचा विषय पुन्हा काढला, तर म्हणाले, "आजकाल सगळे नेटवर बघून येतात, तुम्ही बघायला पाहिजे होते." मी काही क्षण गप्प राहिले. मी नेटवर न बघता आपल्यालाच विचारले, ही माझी चूक असल्याचे मला प्रथमच कळले. त्यानंतर त्यांनी मला होल्डवर ठेवले. सात मिनिटे आपल्या संस्थेच्या "रुग्ण हाच देव" या वाक्याची ध्वनिफीत ऐकल्यावर फोन कट झाला.

देवाकडून 4,800 रुपये घेऊन त्याला चुकीची गोळी द्यायला लावणे, ही आपली भक्ती असेल तर माझे म्हणणे संपले. नसेल, तर गोळी द्या असे आपल्याच माणसाने सांगितले होते, हे पुन्हा नमूद करते. त्या फोनची वेळ माझ्याकडे नोंदलेली आहे.

पंधरा दिवसांत शुल्क परत करावे किंवा तपासणी विनाशुल्क पुन्हा करून द्यावी, आणि नाव नोंदवतानाच प्रत्येक रुग्णाला मराठीत लेखी सूचना द्याव्यात. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे. वडिलांची अँजिओग्राफी आम्ही आपल्याकडेच विश्वासाने केली होती, म्हणून हे लिहिताना अधिक वाईट वाटते.

पुढच्या वेळी गोळी किती तास आधी थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे आईच्या डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. आपल्या मदत कक्षाला त्याची प्रत हवी असल्यास पाठवीन.

रुग्णाची मुलगी,
मानेवाडा, नागपूर