पावती घेतलीस का?

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल घटस्फोटाच्या केसचं "वकील ठरवला, पैसे भरले" एवढंच बोलून फोन ठेवलास. किती भरले विचारलं तर म्हणालीस, "आई, तू त्यात पडू नकोस." नाही पडत. फक्त पावती घेतलीस का, तेवढं सांग.

पतसंस्थेत जन्म गेला माझा, त्यामुळे हा स्वभाव. पण एकरकमी फी म्हणजे कशाकशाची? अंतरिम पोटगीचा अर्ज त्यात धरलाय का? उलटतपासणी? टायपिंग, झेरॉक्स, नोटरी वेगळं का? उद्या दोघांनी संमतीने घ्यायचं ठरलं तर वकिलाचं काम निम्मं होतं, मग फीचं काय? हे सगळं एका कागदावर लिहून घे. शालूच्या वेळी कुणी विचारलं नाही. दर तारखेला पैसे, आणि तारखेला जाऊन मिळायची ती पुढची तारीख. शेवटी तिच्या पाटल्या गेल्या. तू तुझ्या काढू नकोस. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

"पोटगीतले इतके टक्के" असं कुणी म्हणालं तर उठून ये. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. फी राहिली म्हणून वकिलाला तुझे कागदही अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच तसं सांगितलंय. स्वतःची कमाई पुरत नसेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली पोटगीबरोबर वादखर्चही, म्हणजे केसचा खर्च, मागता येतो. "मला त्याचा पैसा नको" हा तुझा ताठा मला ठाऊक आहे. तो घरी ठेव, कोर्टात नको. केस त्याने घातलीय ना?

आणि मोफत वकील फक्त गरिबांना, हे तुला कुणी सांगितलं? 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. परवा इथल्या तालुका विधी सेवा समितीत जाऊन विचारून आले. तुझं नाव नाही सांगितलं. शेजारच्या मुलीसाठी विचारतेय म्हटलं. त्या बाईंना कळलं असावं, कारण त्यांनी मला बसवून चहा पाजला.

फार झालं ना? रागावू नकोस. तुला अक्कल शिकवायची नाहीये. सातवीत होतीस तेव्हा माझ्या काउंटरमागे बसून, बोट ओल्या स्पंजला लावत दहाच्या नोटा मोजायचीस. एकदा बंडलात एक नोट कमी निघाली तर कॅशियरकाकांना म्हणालीस, "काका, तुम्ही परत मोजा. मी थांबते." अख्खी शाखा हसली, आणि काकांनी मोजल्या. मी वर पाहिलंच नाही, नाहीतर सगळ्यांना दिसलं असतं मला किती आनंद झालाय ते. तीच तू आता एवढी रक्कम देऊन रिकाम्या हाताने आलीस, असं मला रात्रभर वाटत राहिलं. आली नसशीलही. पण मग फोनवर गप्प का झालीस?

जेवतेस ना वेळेवर? माईंना अजून काही सांगितलेलं नाही. बंडूला अंदाज आलाय.

शनिवारी पहिल्या एसटीने येते. वकिलांकडे मी बाहेर बाकावर बसेन, आत तूच बोल.

तुझी आई

ता.क. पैसे कमी पडले तर माझी ठेव आहे. मार्चमध्ये मुदत भरते, त्याआधी मोडली तर व्याज बुडेल. तोवर हप्त्याने घेतात का, तेही विचार.