काकू, तुम्ही वाचून दाखवलंत म्हणून

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "बस, चहा टाकते" म्हणून आत जाता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. कोल्हापुरातल्या कर्तबगार माणसांशी मी केलेल्या गप्पा आता बऱ्याच लोकांनी वाचल्यात. तालमीतले वस्ताद, जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणाऱ्या बाई, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले, चपलांचे कारागीर. वाचून लोक फोन करतात, "माणूस समोर बसून बोलतोय असं वाटलं" म्हणतात. ते ज्यांच्यामुळं वाटतं त्यांचं नाव कुठंच छापलेलं नाही, कारण तशी तुमची अट आहे. आजही नाव घेत नाही. पण काय केलंत ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काकू कोर्टात लघुलेखक होत्या. नोकरीची सगळी वर्षं साक्षी टिपण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माझी रेकॉर्डिंग ऐकून ती कागदावर उतरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. तासाभराचं बोलणं नीट उतरवायला चार-पाच तास जातात. त्यात मागं कुकरची शिट्टी, तालमीतला गलका, उद्यमनगरात तर लेथचा आवाज. पैशांचं नाव काढलं की काकू गप्प बसतात, आणि त्यांच्या गप्प बसण्यापुढं कुणाचं चालत नाही.

काकू, तुमच्या पहिल्या कागदांवरच मला कळलं की हे साधं टायपिंग नाही. वस्ताद "न्हाई" म्हणाले तिथं तुम्ही "न्हाई"च लिहिलं होतं. "व्हय की", "कुटं", "त्येनं" सगळं जसंच्या तसं. छापणाऱ्यांनी नंतर "भाषा जरा सुधारून घेऊ" म्हटलं, तेव्हा तुम्ही मला एवढंच सांगितलंत की साक्षीदाराचा शब्द बदलायचा अधिकार टायपिस्टला नसतो, तसा छापणाऱ्यालाही नसावा. त्या वाक्यावर मी भांडले आणि वस्तादांची बोली टिकली.

आणि तुमचे कंस! चपलांच्या कारागिरांचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंत, तेव्हा मध्येच लिहिलं होतं: (बोलणं थांबलं. दगडावर ठोकण्याचा आवाज. बराच वेळ.) त्याच्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात, "हे काय करत होते? विचारून ये." मी परत गेले आणि विचारलं. तर भिजवलेलं चामडं दगडावर ठेवून हातोड्यानं ठोकायचं, म्हणजे ते घट्ट बसतं आणि तळ लवकर झिजत नाही. किती ठोकायचं हे आवाजावरून कळतं, असं ते म्हणाले. ओलं चामडं बद्द वाजतं, बसलं की आवाज कोरडा होतो. मग त्यांनी चामड्याच्या वादीची शिवण दाखवली, खिळा कुठंच नाही. वेणी घरातल्या बायका घालतात हेही तेव्हाच निघालं, आणि त्यांतल्या एका माउलीशी माझं वेगळं बोलणं झालं. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. त्या ठोकण्याच्या आवाजाबद्दल मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते तुम्ही कानांनी पकडलंत.

गाणाऱ्या बाईंच्या वेळी तर तुम्ही लिहिलंत: (इथं गाऊन दाखवलं. कागदावर येत नाही. मिनिट 41 ऐकावं.) याच घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी असल्यापासून या गावाला ऐकायची सवय आहे. तुमच्याकडं ती टिकून आहे.

प्रश्न कसा विचारावा हेही तुमच्याकडूनच घेतलं. सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, सूचक प्रश्न चालत नाही, म्हणजे ज्याच्या पोटातच उत्तर आहे असा प्रश्न. समोरचा वकील लगेच हरकत घेतो. आपल्याकडच्या प्रकट मुलाखतींत मात्र असे प्रश्न सर्रास असतात. "तुम्हाला फार संघर्ष करावा लागला असेल ना?" यावर माणूस "हो" म्हणणार, दुसरं काय म्हणणार? 1 ऑगस्ट 2024 ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, तेव्हा टीव्हीवर जो तो "कसं वाटतंय?" विचारत होता. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून, अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा. एकीतून दुसरीत जाताना श्वासाचं काय करत असेल तो पोरगा? त्या एका प्रश्नात खेळ आणि खेळाडू दोन्ही आले. तेव्हापासून कुणाहीकडं जाताना मी "कसं करता" याची तयारी करते. "कसं वाटतं" ते मागोमाग आपसूक येतं.

कोर्टात साक्ष बहुधा सलग निवेदनात लिहितात, वकिलाचा प्रश्न त्यात राहत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रश्न कळल्याशिवाय उत्तराचा अर्थ लागणार नाही, अशा ठिकाणी न्यायाधीश प्रश्नही जसाच्या तसा घ्यायला लावतात. आपल्या गप्पांना तोच नियम लावायचा तुमचा आग्रह होता. त्यामुळं माझे बहुतेक प्रश्न गळाले आणि पानांवर माणसं उरली.

पण सगळ्यांत मोठं ऋण वाचून दाखवण्याचं. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, त्यानं बरोबर आहे म्हटल्यावर खाली न्यायाधीशांची सही व्हायची, ही कोर्टाची रीत. तुम्ही म्हणालात, छापण्याआधी प्रत्येकाला त्याचं बोलणं वाचून दाखव. वस्तादांना अक्षरं दिसत नाहीत म्हटल्यावर तुम्ही स्वतः माझ्याबरोबर तालमीत आलात. संध्याकाळची मेहनत आटोपली होती, पोरं हौद्यातली माती फावड्यानं उकरून सारखी करत होती, तेलाचा आणि ताकाचा वास भरून राहिला होता. तुम्ही दाराशी खुर्चीवर बसून त्यांच्याच बोलीत त्यांना वाचून दाखवलंत, एकही शब्द न सुधारता. पोरं फावडी टेकवून ऐकत उभी राहिली.

एका पैलवानाचं गाव वस्तादांनी दुरुस्त केलं. मग खासबागेतल्या त्या हरलेल्या कुस्तीपाशी तुम्ही आलात. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेलं ते मैदान, कुठंही बसलं तरी हौदा दिसतो. ढाक डाव लागला आणि चीतपट झालो, एवढंच त्यांनी पूर्वी सांगितलं होतं. वाचून झालं तसे ते म्हणाले, "ह्ये खरं हाय. पर अर्धं हाय." तीन दिवस अंगात ताप होता. घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. "पोस्टर लागल्यालं. लांबनं लांबनं माणसं यायची हुती. न्हाई कसं म्हणायचं?" जिंकलेल्यानं नंतर हात धरला, तेव्हा त्याला ताप कळला. तो कुणाला बोलला नाही. हे दोघांनीच जन्मभर ठेवलं होतं, आणि आता तो पैलवान हयात नाही, म्हणून सांगतो, म्हणाले.

माझा मोबाइल पिशवीत होता. पिशवीकडं माझा हात जायच्या आत तुम्ही कागद उलटा केला होता आणि पेन्सिल चालू झाली होती. लघुलिपीच्या बारीक-ठळक रेघा, मान खाली. वस्ताद एका लयीत बोलत राहिले. संपल्यावर तुम्ही तेवढंही वाचून दाखवलंत, आणि ते म्हणाले, "आता लिवा." तो मजकूर छापून आल्यावर जिंकलेल्या पैलवानाचा नातू वस्तादांना भेटायला आला. आजोबांचा हा मोठेपणा त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

फाउंड्रीवाल्यांनी वाचून दाखवल्यावर भावांच्या वाटणीचा सगळा भाग काढायला लावला. मला तो ठेवायचा होता, फार जिवंत होता. तुम्ही म्हणालात, कोर्टात दिलेली साक्ष कोर्टाची होते, इथलं बोलणं त्यांचंच राहतं. काढून टाकला. त्यांनी नंतर बोलावून घेतलं आणि पहिली भट्टी कशी फुटली ते दुपारभर सांगितलं.

आता या गप्पांचं पुस्तक होतंय. काकू, साक्षीच्या कागदाला खाली सही लागते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. या पुस्तकात पहिल्या पानावर "शब्दांकन" असं लिहून पुढं जागा मोकळी सोडली आहे. तुमची अट मोडणार नाही. तुम्ही तुमच्या हातानं नाव लिहिलंत तरच ते छापलं जाईल. मुद्रितं रविवारी घेऊन येते. ऱ्हस्व-दीर्घही बघून द्या, आणि वस्तादांचं "न्हाई" कुणी सुधारलं नाही ना, तेवढं आधी तपासा.

तुमची,
रेकॉर्डिंग घेऊन येणारी