मोडी लिपी सराव गट : रोजच्या ओळींबाबत

मंडळी, दिवाळीचा फराळ संपला तरी निम्म्या वह्या अजून बंदच दिसतायत. पानभर जमत नसेल तर चार ओळी लिहा, पण रोज लिहा. कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन ओळी होतात, मी करून पाहिलंय. आधी पानभर शिरोरेषा ओढायची, मग शक्यतो हात न उचलता अक्षरं. मोडीत वेलांटी दीर्घच, उकार ह्रस्वच. गेल्या खेपेला बऱ्याच जणांच्या वहीत देवनागरीची सवय डोकावत होती. बोरूची लेखणी नसेल तर कट निबचं पेन चालेल. वाणसामानाची यादी मोडीत लिहा, झकास हात बसतो (दुकानदाराला मात्र देवनागरीतलीच द्या!). रविवारी सकाळी १० वाजता वह्या घेऊन या. कोऱ्या असल्या तरी या.