मालवणचं प्रवाळ पायाखाली जातंय

संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून मालवणला गेलो होतो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली बघत पोहणं) केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जिवंत प्रवाळ बघितलं, खरंच डोळ्यात पाणी आलं. पण शेजारच्या बोटीतली माणसं दमली की सरळ त्याच्यावरच उभी राहत होती, आणि बोटवाल्याने नांगर पण तिथेच टाकला, कोणी काही बोललं नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नाही हो, बारीक बारीक जीवांची वसाहत आहे ती, त्यांच्या अंगात शेवाळ राहतं तेच त्यांना अन्न आणि रंग देतं, पाणी जास्त तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. वाढ इतकी हळू की काही जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर! म्हणजे एका पायाने मोडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं.

१९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे, प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघासारखं संरक्षण आहे. मग नांगर टाकावाच लागू नये म्हणून बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये का नाहीत सगळीकडे? पाण्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं मराठीत समजावून सांगायला काय हरकत आहे? स्थानिकांचं पोट त्यावर आहे, बंदी नकोच.

आम्ही सोलापूरकरांनी नान्नजला अभयारण्य असून माळढोक पक्षी जवळजवळ गमावलाय, म्हणून जीव तुटतो. वनविभागाने निदान पुढच्या सीझनच्या आधी बोये टाकावेत ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सोलापूर