सूचना : पुढच्या बैठकीला आपापली पुस्तकं
सभासदांनो, नमस्कार.

या वेळी चर्चेसाठी एकच पुस्तक ठरवलेलं नाही. अलीकडे निव्वळ मौजेखातर जे वाचलंत, त्याबद्दल बोला. रहस्यकथा, प्रवासवर्णन, कॉमिक्स, ऑडिओबुक, काहीही चालेल. अर्ध्यावर सोडलेलं असेल तर का सोडलंत तेही सांगा; खरं तर तीच चर्चा जास्त रंगते. रहस्यकथेचा शेवट मात्र फोडू नका!

ज्या नव्या पुस्तकांची वाट पाहताय, त्यांची नावं बैठकीआधी कळवा. बुकर या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पुरस्काराची पहिली यादी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येते, साहित्याचं नोबेल ऑक्टोबरमध्ये जाहीर होतं. त्यानंतर निवड झालेल्या लेखकांच्या पुस्तकांच्या प्रती मिळणं अवघड जातं, म्हणून यादीतलं काही हवं असेल तर ग्रंथालयात मागणी आधीच नोंदवा.

एकमेकांकडून नेलेली पुस्तकं येताना घेऊन या.

– संयोजक